तंबू आणला, पण उघडला नाही

साठी उलटलेल्या माणसाने तंबू, स्लीपिंग बॅग, हेडलॅम्प असलं सामान गोळा करायला घेतलं की घरचे आधी हसतात आणि बिलं बघून घाबरतात. "ह्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना, मॅडम?" असं विचारणारे अधूनमधून माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. त्यातलंच हे एक कुटुंब. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बेळगावच्या टिळकवाडीतले निवृत्त बँक अधिकारी, वय ६३. त्यांना अण्णा म्हणू. तरुणपणी मित्रांबरोबर महिपाळगड, कलानंदीगड इथे ताडपत्री आणि घोंगड्यावर रात्री काढलेले. पुढे बदल्या, मुलांची शिक्षणं, सगळं मागे पडलं. आता घरात रोज एखादं पार्सल. काकू वैतागलेल्या. "घरात गादीवर कंबर धरली म्हणून ओरडतात, आणि रानात जाऊन झोपणार म्हणे!" पुण्याचा मुलगा फोनवर होता. त्याला थेट स्मृतिभ्रंशाची शंका.

मुलाची शंका मी हसण्यावारी नेली नाही. या वयात खर्चाचा स्वभाव एकाएकी बदलला, झोप कमी होऊनही उत्साह ओसंडू लागला, कर्ज काढलं, बिलं लपवली, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. पार्किन्सनच्या काही गोळ्यांमुळेही खरेदीची अनावर ओढ लागू शकते. अण्णांच्या बाबतीत यातलं काही नव्हतं. हिशेबाची वही बँकेच्या शिस्तीत लिहिलेली होती.

मग मी विचारलं, "तंबू लावून बघितलात?"

"अजून नाही. स्टोव्ह यायचाय की हो."

स्टोव्ह एक आलेला होता. दुसरा यायचा होता.

इथे माझ्या लक्षात आलं की खरेदी ही तयारी राहिलेली नाही, ती मुदतवाढ झाली आहे. सामान पुरं होत नाही तोवर जमिनीवर झोपून बघायची वेळ येत नाही. म्हणून मी त्यांना सामानाची यादी बाजूला ठेवायला लावली आणि भीतीची यादी लिहायला सांगितली. बराच वेळ पेन हातात धरून बसले. मग आलं: खाली बसल्यावर उठता येईल का, रात्री दोनदा लघवीला जावं लागतं, अंधारात पडलो तर, थंडीने कंबर धरेल, मित्रांसमोर फजिती होईल.

काकूंना यातली एकही गोष्ट माहीत नव्हती. त्यांना वाटत होतं, म्हाताऱ्याला चढलंय.

गंमत म्हणजे, जमवलेलं बरंचसं सामान या भीतींच्या कामाचंच नव्हतं. स्लीपिंग बॅग उणे १० अंशांची! बेळगाव ७५० मीटर उंचीवर असलं तरी इथली डिसेंबरची रात्र साधारण १३-१४ अंशांची. उलट अंगाखालची मॅट कागदासारखी पातळ. बॅगेचा खालचा थर वजनाने दबला की त्यातली हवा जाते आणि गारठा जमिनीतून वर येतो. कंबर धरते ती त्यामुळे. शिवाय जमिनीवरून उठण्याचाच प्रश्न असेल तर घडीची खाट आणि ती मावेल असा उंच तंबू हवा. अण्णांचा तंबू ट्रेकिंगचा, रांगत आत जायचा.

ठरलं इतकंच: नवीन काही मागवायचं नाही, आधी गच्चीवर एक रात्र. बीपीची लघवी वाढवणारी गोळी ते संध्याकाळी घेत. वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला तो तक्रारीचा. "तंबू गळतो!" पाऊस नव्हता. झडपा बंद करून झोपले होते, श्वासातली वाफ कापडावर धरली. आणि हो, थंडी वाजते म्हणून तंबूत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हे मी काकूंनाही ऐकवलं. काकूंना सांगितलेलं घरात टिकतं.

पुढे ट्रेकिंगचा तंबू भाच्याकडे गेला, उंच तंबू आणि खाट आली. पहिली रात्र जांबोटीकडच्या मित्राच्या काजूच्या बागेत, गाडी शेजारी उभी. त्याच बाजूच्या भीमगड अभयारण्याच्या जंगलात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, आणि पहिल्यांदाच तिथे कशाला? मित्रांपैकी एकाचा गुडघा बदललेला, दुसऱ्याला रात्री तीनदा उठावं लागतं. फजितीची भीती तिथेच निम्मी झाली, असं अण्णाच म्हणाले. मुलगा अजून अधूनमधून फोन करून "आज काय मागवलं?" विचारतो.

दुसरा स्टोव्ह त्यांनी परत केलेला नाही. मी आग्रह धरला नाही. कर्ज नाही, लपवाछपवी नाही. एक जादा स्टोव्ह ठेवायचा की नाही, ते काकू आणि ते बघून घेतील.