जिच्यावर गोळी चालली नाही

बेटा,

तुझं नाव इथे लिहीत नाही, कारण हे पत्र तुझ्यामागून येणाऱ्या पोरांनाही वाचायला देणार आहे.

तुझा मेल वाचला. पीएच.डी.ला नाव लागलं, विषय मिळाला आणि आता तू विचारतोस की ट्रायकोमोनासवर, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या एकपेशीय जंतूवर, काम करणं म्हणजे ऐन उमेदीची वर्षं फुकट घालवणं तर नाही ना. सोबतच्यांना कॅन्सर मिळाला, डायबिटीस मिळाला. तुला मिळाला असा आजार, की घरी बाबांनी विचारलं तर तू "औषधांवर काम आहे" एवढंच सांगून विषय बदलतोस. वर कोणीतरी तुला ऐकवलं की त्यावरचं जुनं औषध मेट्रोनिडाझोल स्वस्तात मिळतं, ते चालतंही, मग नवीन औषध हवंय कोणाला?

हवंय. जिच्यावर ते चाललं नाही, तिला हवंय. तुझं सगळं काम तिथून सुरू व्हायला पाहिजे आणि तू नेमका तिथून सुरू केलेला नाहीस. म्हणून हे पत्र.

विषय लहान आहे असं वाटणाऱ्यांसाठी आकडे एकदाच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० मध्ये १५ ते ४९ वयोगटात ट्रायकोमोनासची नवी लागण १५ कोटी ६० लाख होती. गनोरिया ८ कोटी २० लाख, सिफिलिस ७१ लाख. दोन्ही मिळवले तरी ट्रायकोमोनासच्या आसपास येत नाहीत. गरोदरपणात हा असला तर बाळ वेळेआधी जन्मायचा धोका वाढतो, एचआयव्हीची लागण सोपी होते. आणि औषधं? १९६० च्या आसपास फ्रान्समधून मेट्रोनिडाझोल आलं, मागून टिनिडाझोल, सेक्निडाझोल. सगळी एकाच कुळातली, नायट्रोइमिडाझोल. या जंतूच्या पेशीत ऊर्जा बनवणारे मायटोकॉन्ड्रिया नसतात, त्याऐवजी हायड्रोजेनोसोम असतात. तिथे औषधाचा नायट्रो गट तोडला जातो, त्यातून विषारी घटक तयार होतात आणि जंतू मरतो. म्हणजे औषधाला मारक बनवण्याचं काम जंतूच करतो. त्याने ते करणं थांबवलं की अख्खं कूळच लंगडं पडतं. ज्या बाईला या कुळाची ॲलर्जी आहे, तिला तर आपण रुग्णालयात बसवून थोडं थोडं तेच औषध देत शरीराला सवय लावतो. साठ वर्षांनंतर ही अवस्था आहे.

आता तुझ्या कामाबद्दल. सहा महिने तू संगणकावर डॉकिंग करतो आहेस, म्हणजे कोणतं संयुग जंतूच्या प्रथिनात किती घट्ट बसेल त्याचे अंदाजी स्कोअर काढतो आहेस. थायोरेडॉक्सिन रिडक्टेज हे जंतूचं एन्झाइम टार्गेट म्हणून वाईट नाही. ऑरानोफिन, संधिवातासाठीचं जुनं सोन्याचं औषध, त्याच वाटेने ट्रायकोमोनासला मारतं, म्हणून तुला ते सुचलं हे मला कळतं. पण तुझ्या स्कोअरने अजून एकही ट्रायकोमोनास मेलेला नाही. तू जिवंत ट्रायकोमोनास पाहिलाही नाहीस! आणि पुढचा बेत काय, तर बाहेरून जंतूचा एक प्रमाणित स्ट्रेन, म्हणजे वाण, मागवायचा, ज्यावर मेट्रोनिडाझोल झकास चालतं, आणि त्यावर तुझी संयुगं टाकायची. ज्याला जुनं औषध मारतंच, त्याला नव्याने मारून तू कोणाचा प्रश्न सोडवलास? जिच्यावर गोळी चालली नाही तिच्याकडचा जंतू आण. नाहीतर हे काम करू नकोस.

ती सापडते कुठे? नागपुरात मेडिकलच्या, मेयोच्या ओपीडीत रोज सापडते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, पार बालाघाटहून बाया येतात. "धुपणी जाते जी, लय खाज सुटते, गोळ्या खाल्ल्या पण फरकच नाही पडला." धुपणी म्हणजे अंगावरून पांढरं जाणं. आपल्याकडे पद्धत लक्षणांवरून उपचार करायची. लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये हिरवं किट मिळतं, त्यात सेक्निडाझोल दोन ग्रॅम आणि बुरशीवरचं फ्लुकोनाझोल. गर्दीच्या ओपीडीत हे योग्यच आहे, मी त्याविरुद्ध नाही. पण त्यात जंतू कोणी बघत नाही. त्यामुळे किट घेऊन महिन्याने परत आलेली बाई नोंदीत पुन्हा पहिलीच बाई होते. तुझं संशोधन तिथे, त्या दुसऱ्या फेरीत आहे.

आणि ती परत आली म्हणजे जंतू हट्टी झाला, असं लगेच लिहून मोकळा होऊ नकोस. जंतू हट्टी नसतानाही गोळी न चालण्याची कारणं तीन. नवऱ्याला औषध मिळालंच नाही, तिला त्याच्याकडून पुन्हा लागण झाली. किंवा तिने औषध पुरं घेतलं नाही, कारण मेट्रोनिडाझोलने तोंड लोखंड चाटल्यासारखं होतं, मळमळतं, आणि सकाळी शेतावर जायचं असतं. किंवा मात्राच कमी पडली. २०१८ मध्ये अमेरिकेत झालेल्या चाचणीत एकदम दोन ग्रॅम मेट्रोनिडाझोल घेतलेल्या बायकांपैकी १९ टक्क्यांमध्ये चार आठवड्यांनी जंतू सापडला. सात दिवस गोळ्या घेतलेल्यांमध्ये ११ टक्के. त्यानंतर तिथली शिफारसच बदलली. हे सगळं वगळून जी उरते तिचा जंतू खरा प्रतिरोधक. या गाळणीला वेळ लागतो, कंटाळा येतो, आणि तुझं सगळं मोल त्यातच आहे.

प्रयोगशाळेतही हीच शिस्त ठेव. मात्रा तपासताना हवा असलेल्या आणि हवा नसलेल्या अशा दोन्ही ताटल्या लाव. ऑक्सिजन असला की औषधाचा तो विषारी घटक पुन्हा निष्प्रभ होतो. ज्या जंतूची ऑक्सिजन उचलून टाकायची ताकद कमी झालेली असते तो हवेत तगतो आणि बिनहवेच्या ताटलीत मरतो. रुग्णांकडून येणारे प्रतिरोधक जंतू बहुतेक या जातीचे. एकच ताटली लावलीस तर ते तुझ्या हातातून निसटतील. माध्यमाचा पीएच ६ च्या आसपास ठेव. आणि प्रत्येक संयुग लॅक्टोबॅसिलसवरही टाकून बघ. योनीतले चांगले जिवाणू मारणारं औषध तू तिला देणार आहेस का?

ओल्या स्लाइडबद्दल तुला कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. नमुना सलाइनमध्ये घेतला की दहा-पंधरा मिनिटांच्या आत डोळा लावायचा. जिवंत ट्रायकोमोनास झटके देत, डुलत सरकतो, कडेची पडदी लहरताना दिसते, आणि एकदा ओळखला की आयुष्यभर चुकत नाही. पण डिसेंबरातल्या सकाळी स्लाइड गार पडली की हालचाल थांबते, आणि थांबलेला ट्रायकोमोनास बाजूच्या पांढऱ्या पेशीसारखाच दिसतो. आकार तेवढाच, रंग नाही. ओपीडीतून वॉर्डबॉयच्या हाती नमुना तुझ्या टेबलावर येईपर्यंत तो "निगेटिव्ह" झालेला असतो. म्हणून तू नमुन्यापाशी जा. नमुन्याने तुझ्यापाशी यायचं नाही. ओल्या स्लाइडवर निम्म्याच्या आसपास केसेस हुकतात, तेव्हा कल्चर लावायचंच, म्हणजे जंतू माध्यमात वाढवून बघायचा.

मी हे इतक्या हट्टाने का सांगते? माझ्याकडे असे जंतू होते. औषध चुकलेल्या बायांकडून जमवलेले, उणे ८० च्या फ्रीझरमध्ये, प्रत्येक नळीवर तारीख आणि बाईने सांगितलेली हकिगत. तेव्हा मी होते त्या संस्थेत जनरेटरची लाइन मागत मी कागद फिरवत राहिले. "लैंगिक आजारांच्या जंतूंना कशाला प्राधान्य" असं तोंडावर ऐकलं. मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर गेला आणि सगळं वितळलं. मला ते अजून सलतं. त्यानंतर पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांमधून बोलावणं आलं, मी गेले नाही. लोक म्हणाले बाईने करिअर घालवलं. नाही घालवलं. गेले असते तर प्रमाणित स्ट्रेनवर पेपर लिहीत बसले असते आणि तू आज मला मेल केला नसतास. मी इथे राहून पुन्हा नमुने गोळा करायला घेतले ते बरोबरच होतं, आणि हे मी कोणासमोरही म्हणेन. तू मात्र प्रत्येक जंतूच्या दोन नळ्या दोन वेगळ्या इमारतींत ठेव.

एका गोष्टीत तू माझ्यापुढे जाऊ शकतोस. तुला वाटतं की मुलगा असल्याने या विषयात तू अवघडतोस. अरे, तेच तुझं बळ आहे. नवऱ्यांशी मी कधी नीट बोलू शकले नाही. बहुतेक पुरुषांना काही त्रासच नसतो, त्यांच्यात जंतू सापडणं कठीण, आणि डॉक्टर बाई समोर असली की ते खुर्चीतून उठूनच जातात. सकाळची पहिली लघवी पीसीआरला द्यायला तू त्यांना राजी करू शकशील. तिच्या आणि त्याच्या जंतूंचं नातं जनुकांवरून जुळवलंस तर पुन्हा लागण कोणती आणि प्रतिरोध कोणता, हे ठामपणे सांगता येईल. विदर्भात हे कोणी करून ठेवलेलं माझ्या पाहण्यात नाही.

आणि "आपल्याकडे होतं का असलं काम" हे वाक्य पुन्हा लिहू नकोस. याच मेडिकलमधून शिकलेल्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. जगाने विचार बदलला तो गावात जाऊन बाईला विचारल्यामुळे. लखनौच्या सीडीआरआयमध्ये, म्हणजे केंद्रीय औषध संशोधन संस्थेत, ट्रायकोमोनास मारणारी आणि गर्भनिरोधक म्हणूनही चालतील अशी संयुगं बनवायचं काम झालेलं आहे, तेही वाच. आफ्रिकेतल्या निद्रारोगासाठीचं फेक्सिनिडाझोल एका कंपनीने सोडून दिलेलं होतं. २००५ मध्ये डीएनडीआयने, म्हणजे दुर्लक्षित आजारांसाठी औषधं शोधणाऱ्या ना-नफा संस्थेने, ते जुन्या संयुगांतून उकरून काढलं आणि २०१८ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने त्याला अनुकूल मत दिलं. फायदा नसलेल्या आजाराला औषध मिळतच नाही, हे मला पटत नाही.

तेव्हा डॉकिंग बंद कर असं मी म्हणत नाही. दुपारी कर. सकाळ ओपीडीत घालव. आधी एथिक्स कमिटीचा अर्ज लिही आणि संमतीपत्र मराठी-हिंदीत, वाचता न येणाऱ्या बाईला मोठ्याने वाचून दाखवता येईल असं कर. त्यात एक वेगळं कलम टाक: तिच्या नवऱ्याशी कोण बोलेल, केव्हा आणि किती, हे ती ठरवेल. ती नाही म्हणाली तर त्याच्यापर्यंत जायचं नाही, नमुना अर्धवट राहिला तरी चालेल. मसुदा सोमवारपर्यंत पाठव, मी दुरुस्त करून देते.

तुझी,
मॅडम