मराठा लाईट इन्फंट्रीचं चिन्ह वाचताना

बाळा, बॅज हातात आला की तुझी नजर आधी तलवारींवर जाते, माझीही जायची. पण ढाल-तलवार समजायला सोपी. खरी गोष्ट आहे ती बिगुलाची.

जुन्या लढाईत पायदळ खांद्याला खांदा लावून चालायचं, हुकूम ढोलावर मिळायचा. लाईट इन्फंट्रीचे शिपाई मात्र पुढे विखरून लढायचे. झाडी-खडकांतून पळताना ढोल कोण सांभाळणार? म्हणून बिगुल. जर्मन शिकारी सैनिकांच्या शिंगापासून तो युरोपभर लाईट इन्फंट्रीची खूण झाला. आपल्या रेजिमेंटची परंपरा 1768 पासूनची, पण 'लाईट' हा मान 1841 चा, बलुचिस्तानातल्या काहान किल्ल्याच्या वेढ्यानंतरचा. तेव्हा बिगुल दिसला म्हणून मराठाच, असं समजू नकोस. राजपुताना रायफल्सच्या चिन्हातही तो आहे, कट्यारींसोबत.

मग वरचा भाग बघ. मुकुट असेल तर ब्रिटिश काळ, अशोकाचे सिंह असतील तर प्रजासत्ताकानंतरचा. एलिझाबेथ राणीच्या काळातला मुकुट असलेला 'मराठा' बॅज कुणी दाखवला तर पाकीट खिशातच ठेव. ती गादीवर आली 1952 मध्ये, तोवर आपलं प्रजासत्ताक होऊन गेलं होतं; म्हणजे बॅज नकली!