नागपुरात रोड बाइकला पुढे एकच चेनरिंग चालेल का? (शिमानो १०५ आर७००० गिअर-संच, पुढे ५०/३४ दात्यांच्या दोन चेनरिंग, मागे ११-२८ दात्यांची कॅसेट)

चालेल. रोजचं रायडिंग वर्धा रोड, काटोल रोड, अधूनमधून रामटेक आणि पुढच्या डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचा) वैताग, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यासाठी एकेरी चेनरिंग, म्हणजे पेडलपाशी एकच दातेरी चकती, उत्तम. फक्त सगळे सुचवतात ती ११-४२ ची कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच) घेऊ नका; पुढे ४० दात्यांची रिंग आणि मागे ११-३२ घ्या. आपल्या सपाट रस्त्यांवर खरा त्रास चढाचा नाही, समोरून येणाऱ्या वाऱ्याचा आहे. वाऱ्यात पायांची लय टिकवायची तर गिअर एकमेकांच्या जवळ हवेत.

हिशेब करून बघा. २५ मिमी टायर, ९० ची कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) आणि पुढे ४० दाते धरले, तर मागे ११, १२, १३, १४ वर वेग येतो ताशी साधारण ४१, ३८, ३५ आणि ३२.५ किमी. ११-३२ कॅसेटमध्ये या चारही चकत्या आहेत. ११-४२ मध्ये ११ नंतर थेट १३, मग १५. म्हणजे ४१ वरून ३५ आणि ३५ वरून एकदम ३०. वारा अंगावर असताना एक गिअर जड जातो आणि दुसऱ्यात पाय मोकळे फिरतात, मधलं काही हाती लागत नाही. मला हे अजिबात सोसत नाही.

हलक्या बाजूलाही फारसं जात नाही. तुमचा आजचा सगळ्यात हलका गिअर ३४/२८ (पुढचे दाते भागिले मागचे), म्हणजे १.२१. ४०/३२ म्हणजे १.२५. सेमिनरी हिल्सवर हा फरक कळणारही नाही. खरोखर जातो तो ५०/११, आणि तो लागतो ताशी ५० च्या वर पेडल मारायला. सामान लादून परतवाड्याहून चिखलदरा चढणार असाल तर मात्र ११-४२ घ्या, सोबत शिमानोचाच जीआरएक्स आरएक्स८१२ डिरेलर.

आता जोडणी. चेनरिंग नॅरो-वाइड दात्यांचीच हवी. चेनच्या बाहेरच्या कड्या रुंद असतात आणि आतल्या अरुंद, म्हणून हिचे दातेही आलटून पालटून जाड-बारीक असतात. दात्यांची संख्या सम असते ती याचमुळे. चेन चढवताना जाड दाता बाहेरच्या कडीत बसला आहे ना, ते नीट बघा. आर७००० चा क्रँक चार हातांचा, असमान अंतराचा ११० बीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, मिमीमध्ये) आहे. रिंग त्यासाठीचीच मागा, आणि बोल्ट कोणते लागतील तेही तेव्हाच विचारा.

मागचा डिरेलर एसएस (आखूड पिंजऱ्याचा) असेल तर तो ३० दात्यांपर्यंतच, जीएस (लांब पिंजऱ्याचा) ३४ पर्यंत जातो. पण दोघांनाही क्लच (चेन ताणून धरणारी यंत्रणा) नाही, आणि आपल्या सिमेंट रस्त्यांवर क्लच असलेला बरा. प्रत्येक सांध्यावर चेन उसळते, आणि ती पाडायला तेवढं पुरतं. जीआरएक्स आरएक्स८१० तुमच्याच ११ स्पीड शिफ्टरवर चालतो, ३४ पर्यंत घेतो आणि त्याला क्लच आहे. तुमचा जीएस असेल आणि तो खर्च आत्ता नको असेल तर पुढचा डिरेलर काढून त्या जागी चेन कॅचर (चेन पडू न देणारा छोटा अडसर) लावा. डावा शिफ्टर ब्रेकसाठी राहू द्या, गिअरची केबल तेवढी काढा.

चेन नवी घ्या. झिजलेली चेन नव्या रिंगवर चढवली तर रिंगही लवकर खराब होते. ५०+२८ च्या जागी आता ४०+३२ असल्याने जुन्या मापापेक्षा कड्यांची साधारण एक जोडी कमी लागेल. तरी कापण्याआधी डिरेलरच्या मॅन्युअलप्रमाणे मोजाच. मग बी-स्क्रूने डिरेलरची वरची चाकी आणि कॅसेट यांतलं अंतर लावा, चेन ३२ वर चढवा आणि पेडल हळू उलटं फिरवा. चेन शेजारच्या लहान चकतीवर घसरली तर चेनलाइन (चेनची पुढून मागे जाणारी रेष) बाहेर गेली आहे. रिंगची बैठक तपासून ती शक्य तितकी फ्रेमकडे घ्या, पण चेनस्टेला (फ्रेमच्या मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीला) घासणार नाही इतकीच.