पर्स अस्सल होती, मग पापुद्रे का सुटले?

प्रश्न : काका, दोन वर्षांपूर्वी मी एक पर्स घेतली. आतल्या पट्टीवर 'जेन्युइन लेदर' असं छापलेलं होतं. जपून वापरायची म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवली. परवा काढली, तर रंगाचे पापुद्रे हाताला चिकटून आले. मला फसवलं का?

उत्तर : ताई, पट्टीवरचे शब्द बहुधा खोटे नाहीत, पण त्यांनी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. गाईचं कातडं चार-पाच मिलिमीटर जाड भरतं आणि पर्सला दीड मिलिमीटरही पुरतं. म्हणून यंत्रावर ते आडवं चिरून त्याचे थर वेगळे करतात. केसांच्या बाजूच्या थरात तंतू बारीक आणि गच्च गुंतलेले असतात. चामड्याचं खरं मोल तिथे आहे. खालचा थर मोकळ्या तंतूंचा. त्याला आम्ही स्प्लिट म्हणतो. त्यावर पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा पातळ पडदा चढवून वर खोटा दाणा, म्हणजे कातडीसारखी बारीक नक्षी, ठसवला की तो वरच्या थरासारखाच दिसतो. जनावराचं चामडं दोन्हीकडे आहे, त्यामुळे 'जेन्युइन' हा शब्द दोन्हींना चालून जातो.

गेल्या महिन्यात अशीच एक बॅग दुरुस्तीला आली होती. कडेची शिवण उसवली, रापीच्या, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराच्या, टोकाने रंगाचा पडदा जरा उचलला आणि चिमटीत धरून ओढला. वीतभर तुकडा एकसंध निघून आला. त्याखाली निळसर राखाडी, टॉवेलसारखं लवदार काहीतरी होतं. ती क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या कातड्याची निळाई. मालकीण बाई गप्पच झाल्या. मलाही वाईट वाटलं, कारण यावर तेल, मेण, पॉलिश कशाचाच उपाय नाही. पॉलियुरेथेन दमट, उबदार हवेत आपोआप तुटत जातं, वस्तू वापरा की नका वापरू. तुमची पर्स पिशवीत कोंडलेली होती, तिथली ओल तिला बाधली असणार. अस्सल चामडंही कधी प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, त्याला बुरशी येते. सुती कापडात गुंडाळा.

पुढच्या वेळी दुकानात कापलेली कड बघा, तंतू गच्च आहेत की मोकळे ते तिथे दिसतं. रंगाने कड बुजवलेली असेल, तर अंगठ्याने चामडं दाबा. वरचा थर शाबूत असेल तर बोटाभोवती बारीक सुरकुत्या पसरतात आणि बोट काढलं की विरतात. जाड पडदा असेल तर नुसता खळगा पडतो. आणि 'खरं आहे का?' एवढंच विचारून थांबू नका. 'कोणत्या जनावराचं, कोणता थर?' असं विचारा. उत्तर देताना विकणारा चाचरला, तर वस्तू खाली ठेवा.

प्रश्न : जॅकेटसाठी मेंढीचं चामडं घ्यावं की बोकडाचं?

उत्तर : अंगाला मऊ हवं असेल तर मेंढीचं. हातमोजे आणि उंची जॅकेटं त्याची होतात. पण मेंढीच्या कातड्यात चरबी फार असते. कमावताना ती निघून जाते आणि तंतूंमध्ये पोकळी राहते, म्हणून ते खिळ्याला अडकलं तर चटकन फाटतं. रोज वापरायचं, खांद्यावर बॅग लटकवायची, तर बोकडाचं घ्या. पातळ असूनही चिवट असतं. मी पाकिटं त्याचीच करतो, कारण घडीवर ते लवकर चिरत नाही. पट्ट्याला मात्र दोन्ही नकोत. त्याला गाईचं किंवा म्हशीचं, झाडाच्या सालीच्या अर्कात सावकाश कमावलेलं, तीन-चार मिलिमीटरचं चामडं लागतं, आणि तेही पाठीच्या भागातलं. पोटाकडचं ताणतं आणि पट्ट्याची भोकं लांबट होतात.

प्रश्न : आत्याने मगरीच्या कातड्याची म्हणून बॅग दिली आहे. खरी कशी ओळखू?

उत्तर : भिंग घ्या. खऱ्या मगरीच्या पोटाकडच्या खवल्यांवर टाचणीच्या टोकाएवढा खळगा दिसतो. ते तिचं स्पर्श ओळखणारं इंद्रिय. अॅलिगेटर या मगरीच्या भाऊबंदाच्या पोटावर तो नसतो, त्यामुळे एवढ्यावरच निकाल देऊ नका. खवल्यांचे आकार तपासा. दुसऱ्या चामड्यावर ठसवलेल्या नकलेत तीच नक्षी थोड्या अंतरावर पुन्हा येते. जनावराच्या अंगावर दोन खवले हुबेहूब सारखे नसतात. बॅग वाकवा. खरी दोन खवल्यांमधल्या खाचेत वाकते, ठसवलेली कुठेही, अगदी खवल्याच्या मधोमधसुद्धा. खरी निघाली, तर परदेशी नेण्याआधी परवान्याची चौकशी करा. १९७५ पासून लागू असलेल्या साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात मगरींच्या सगळ्या जाती येतात.

प्रश्न : माझ्या बुटाच्या अस्तरावर तीन-तीन छिद्रांचे पुंजके आहेत. माल खराब आहे का?

उत्तर : नाही, ते डुकराचं चामडं आहे. त्याचे केस तिनाच्या पुंजक्यात उगवतात आणि छिद्रं थेट आरपार जातात. त्यामुळे हवा खेळते आणि पायाचा घाम आत साचत नाही.