टिकी, टिक्की आणि टिकली

प्रश्न असा आला आहे : लॉस एंजेलिसमधल्या ‘टिकी-टी’ या जुन्या बारबद्दल वाचलं. ही टिकी म्हणजे आपली टिकलीच का? आणि मराठीत टिकी लिहायचं की टिक्की?

टिकी लिहा. टिक्की बटाट्याची. टिकलीशी नातं काहीच नाही, नुसता आवाज जुळतो. (पॅसिफिक बेटांच्या थाटात सजवलेले हे ‘टिकी बार’ नव्वद वर्षं टिकले म्हणून टिकी, ही व्युत्पत्ती मोहात पाडते खरी!)

शब्द पॉलिनेशियातला, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचा. न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरींच्या पुराणकथांत टिकी हा पहिला पुरुष. माणसाच्या आकाराची कोरीव मूर्ती तीही टिकी, आणि गळ्यात घालायची हिरव्या दगडाची ती ‘हेइ-टिकी’. हवाईत हाच शब्द ‘किइ’ होतो. तिथे जुन्या ‘ट’चा ‘क’ झाला आणि जुना ‘क’ घशातच अडकून राहिला. निषिद्ध या अर्थाचा ‘टापू’ही तिथे ‘कापू’ होतो. (आपला टापू वेगळा.)

बारमध्ये ही मूर्ती आली ती अमेरिकेत. 1933च्या डिसेंबरात दारूबंदी उठली आणि त्याच सुमारास अर्नेस्ट गँटने हॉलिवूडमध्ये ‘डॉन द बीचकोंबर’ हे बार-रेस्टॉरंट थाटलं. रम कॅरिबियन, जेवण कँटनी, बांबू-मूर्ती पॅसिफिकच्या आणि पेय बनवणारे पुष्कळदा फिलिपिनो. त्यांतल्याच रे बुहेन यांनी 1961मध्ये टिकी-टी काढला. खऱ्या बेटावर गेलात तर हे मिश्रण मिळायचं नाही. ते भरदुपारीही अंधार असलेल्या अशा खोलीतच मिळतं, म्हणून लोक पुन्हा पुन्हा तिथेच जातात, असं मला वाटतं.

अनेक माओरींना मात्र मूर्तीचा हा असा वापर खटकतो, तेही समजण्यासारखं आहे. आपल्या देव्हाऱ्यातला पूर्वजांचा टाक कुणी दारूच्या मगावर उठवला तर?

या बारमधला एक शब्द मात्र आपल्या बाजूचा असावा : ‘पंच’ हे पेयाचं नाव. सतराव्या शतकात इकडे आलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर गोव्याकडच्या नेरूळच्या अराक या दारूची तारीफ करतो आणि सांगतो, इंग्रज त्यापासून पाच जिनसांचं पेय करतात, म्हणून त्याचं नाव पाचावरून पडलं. काही अभ्यासक मोठ्या पिंपाच्या इंग्रजी नावाकडे, ‘पंचन’कडे बोट दाखवतात. मी नेरूळच्या बाजूचा.