गाव महापालिकेत जाणार म्हणून प्लॉट घ्यावा का?

प्रश्न असा आहे: पुण्यात हडपसरला राहणाऱ्या एका वाचक ताईंना वाघोलीच्या पुढे, अजून ग्रामपंचायतीत असलेल्या एका गावात दोन गुंठे प्लॉट घ्यायचा आहे. दर गुंठ्याला 12 लाख, म्हणजे एकूण 24 लाख. 14 लाखांची एफडी मोडायची आणि 10 लाखांचे वैयक्तिक कर्ज काढायचे, असा विचार आहे. घराचे 28 लाखांचे कर्ज अजून शिल्लक आहे. महिन्याला 35 हजार मागे पडतात, मुलगी आठवीत आहे. एजंट म्हणतो, "दोन वर्षांत गाव महापालिकेत जाईल, भाव दुप्पट." शनिवारी टोकन द्यायचे आहे.

ताई, टोकन देऊ नका.

गाव महापालिकेत जाईल की नाही, या वादात मी पडत नाही. कदाचित जाईलही. पण तुमचा सगळा हिशेब "दोन वर्षांत" या दोन शब्दांवर उभा आहे, आणि पुण्याच्या हद्दवाढीचा इतिहास त्या शब्दांना अजिबात दुजोरा देत नाही.

हद्द वाढवायचा निर्णय महापालिकेचा नसतो, राज्य शासनाचा असतो. आधी प्राथमिक अधिसूचना निघते, हरकती-सूचना मागवतात, सुनावणी होते, मग अंतिम अधिसूचना. पुण्याभोवतीच्या 34 गावांची प्राथमिक अधिसूचना 2014 साली निघाली. त्यातली 11 गावे ऑक्टोबर 2017 मध्ये आली, तीही प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यानंतर. उरलेली 23 गावे, ज्यात वाघोलीही होती, 30 जून 2021 ला आली. म्हणजे कागद हलायला लागल्यापासून सात वर्षे. तुमच्या गावाची तर प्राथमिक अधिसूचनाही निघालेली नाही.

बरे, एकदा आत आलेले गाव आतच राहते असेही नाही. फुरसुंगी आणि उरुळी देवाची 2017 ला महापालिकेत आली आणि 2024 ला बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. 1997 सालीही 38 गावे घेतली होती, नंतर काही वगळून 23 ठेवली.

आता जी गोष्ट एजंट कधीच सांगत नाही, ती सांगतो. जमिनीची किंमत हद्दीच्या रेषेने ठरत नाही, विकास आराखड्याने ठरते. गाव आत आले की नव्या भागाचा आराखडा करावा लागतो: सध्याच्या जमीनवापराचे सर्वेक्षण, प्रारूप, हरकती, शासनाची मंजुरी. कुठे निवासी झोन, कुठे रस्ता, कुठे शाळेचे किंवा बागेचे आरक्षण, हे त्यात ठरते. तोपर्यंत तुमचे दोन गुंठे नेमके काय आहेत, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. 1997 ला आलेल्या गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे, म्हणजे बीडीपीचे, आरक्षण पडले. 978 हेक्टर. त्याचा निर्णय व्हायला 2015 उजाडले आणि मोबदला ठरला 8 टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. टेकड्या वाचल्याच पाहिजेत, याबद्दल माझे दुमत नाही. पण ज्यांनी तिथे आयुष्याची पुंजी घातली होती त्यांची अठरा वर्षे गेली. 2021 च्या 23 गावांचा प्रारूप आराखडा पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, जाहीर केला होता, तोही शासनाने पुढे रद्द करायचे ठरवले.

माझ्याकडे येणाऱ्या एका जोडप्याने 2014 ची बातमी वाचून अशाच एका गावात प्लॉट घेतला. प्रारूप आराखडा आला तेव्हा त्यांच्या प्लॉटच्या कोपऱ्यावरून रस्ता जात होता. नकाशावर बोट ठेवून काकू मला विचारत होत्या, "ही रेघ आमच्या आंब्यावरून जाते का हो?" आज ती रेघही पक्की नाही. त्यामुळे बांधायची हिंमत होत नाही, आणि गिऱ्हाईक आले तरी झोन दाखला, म्हणजे जमीन कोणत्या वापरासाठी आहे हे सांगणारा कागद, बघून परत जाते.

तुम्ही पाठवलेला सातबाऱ्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. एका गटावर अकरा नावे आहेत आणि प्रत्येकापुढे दोन-दोन गुंठे. तुम्ही बाराव्या. हा सामाईक सातबारा आहे. तुमचा प्लॉट कागदावर वेगळा नाहीच, तुम्हाला मिळतो तो अविभक्त हिस्सा. चुन्याने आखलेल्या रेषा पावसात जातात, ताई. एनए, म्हणजे बिगरशेतीची ऑर्डर नाही, मंजूर लेआउट नाही. ठरावीक मापाहून लहान तुकडे विकायला बंदी घालणाऱ्या तुकडेबंदी कायद्यात शासनाने 2025 साली जुन्या तुकड्यांसाठी सवलत दिली, तिचाच आधार एजंट देत असेल. पण जुना तुकडा नियमित होणे वेगळे आणि त्यावर बांधकामाची परवानगी मिळणे वेगळे. शिवाय तुमचा व्यवहार तर आज होतोय. परवानगीशिवाय बांधलेत आणि उद्या गाव महापालिकेत गेले, तर अनधिकृत बांधकामाला मिळकत करावर दुप्पट शास्ती लागू शकते. कर आणि शास्ती मिळून तिप्पट. अधिकृत घरालाही टप्प्याटप्प्याने पाच वर्षांत शहराच्या पूर्ण दराने कर लागतो, मग नळाला पाणी येवो न येवो. वाघोलीत टँकर किती फिरतात ते एकदा बघून या.

आणि बँक या प्लॉटसाठी कर्ज का देत नाही, हे एजंटला विचारलेत का? तो तुम्हाला वैयक्तिक कर्जाकडे वळवतोय, कारण हे कागद बँकेच्या वकिलासमोर टिकणार नाहीत.

पैशाचे बघू. 10 लाख, 12 टक्के, पाच वर्षे, म्हणजे हप्ता सुमारे 22,244 रुपये. 35 हजारांतले 12-13 हजार हातात उरतात. ही पाच वर्षे म्हणजे मुलीची आठवी ते बारावी. एफडी गेलेली, डोक्यावर दोन कर्जे. नोकरीत काही झाले किंवा घरात आजारपण आले तर विकायला फक्त हा प्लॉट, आणि असा प्लॉट घाईत विकला जात नाही.

भाव दुप्पट होईलही. पण दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जेमतेम 7.2 टक्के. साध्या एफडीच्या आसपास. एफडीच्या व्याजावर कर लागतो हे खरे, पण इथेही 24 लाखांच्या नफ्यावर 12.5 टक्क्यांनी 3 लाख जातील, आणि कर्जाचे व्याज साडेतीन लाखांच्या जवळ जाते ते वेगळेच.

मी काय करेन? 14 लाखांतले 6 लाख हलवणार नाही, तो तुमचा सहा-आठ महिन्यांचा श्वास आहे. 8 लाख घराच्या कर्जात भरेन. तुमचा दर 8.6 टक्के आहे, त्यामुळे पहिल्याच वर्षी 68 हजारांच्या आसपास व्याज वाचेल, तेही कुठलीही जोखीम न घेता. महिन्याचे 35 हजार आहेत तसे राहू द्या, त्यातले निम्मे मुलीच्या शिक्षणासाठी आवर्ती ठेव आणि म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत विभागून टाका.

स्वतःची जमीन हवी ही ओढ मला समजते. तुमच्या सासऱ्यांची गावची जमीन गेली, हे तुम्ही लिहिलेत ते वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. म्हणून जमीन घेऊच नका असे मी म्हणत नाही. तीन वर्षांनी, हातात निम्मी रक्कम असताना घ्या. एनए झालेली, मंजूर लेआउटमधली, स्वतंत्र सातबारा आणि मोजणीची 'क' प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, असलेली. लेआउट 500 चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक तपासा. दर गुंठ्याला चार-पाच लाख जास्त पडतील. ते द्या.

शनिवारी जायचेच असेल तर टोकनऐवजी एक कागद न्या आणि एजंटकडून चालू तारखेचा झोन दाखला आणि गटाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोज्यांच्या नोंदींचा तपास, लेखी मागा. तो काय देतो ते मला कळवा.