फलक हिरवा, मग देश पहिला कसा?

प्रश्न : आमच्या चौकातल्या हवेच्या फलकावर सल्फर डायऑक्साइडचा आकडा कायम हिरवा असतो. तरी या वायूच्या उत्सर्जनात भारत जगात पहिला, असं वाचलं. खरं काय? – एक वाचिका, ठाणे

उत्तर : दोन्ही खरं, ताई. फलक सांगतो तुमच्या नाकापाशी काय आहे ते. देशाचा आकडा असतो धुराड्यांतून काय बाहेर पडलं त्याचा.

शहरातला आकडा उतरला त्यात स्वच्छ झालेल्या डिझेलचा मोठा वाटा. इंधनातलं गंधक जळलं की हाच वायू बनतो. एकेकाळी डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालायचं, म्हणजे दहा लाखांत दहा हजार भाग. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे वाहनांच्या धुराचं आणि इंधनाचं मानक आलं आणि मर्यादा दहा भागांवर आली. घरोघरी गॅस आला, मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या, हेही आहेच.

माझी नोकरी औष्णिक केंद्रात, बॉयलरवर झाली. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण भारावर दिवसाला सात हजार टनांच्या वर कोळसा खातो. आपल्या कोळशात राख बेसुमार, गंधक मात्र जेमतेम अर्धा टक्का. पण सात हजार टनांचा अर्धा टक्का ३५ टन होतो, आणि जळताना प्राणवायू जोडला गेला की वजन दुप्पट. रोजचे ७० टन! शटडाउनला एअर प्रीहीटर, म्हणजे धुराच्या उष्णतेवर बॉयलरची हवा तापवणारं यंत्र, उघडला की थंड टोकाचे पत्रे आम्लानं खाल्लेले दिसायचे, बोट लावलं तर पापुद्रे निघत. तेही चिमूटभर वायूचं काम. बाकी सगळा वर. एवढ्या मोठ्या संचाला २७५ मीटरचं धुराडं हवं, असा नियमच होता. उंचीनं वायू पांगतो, कमी होत नाही. वाऱ्याबरोबर जाता जाता त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात आणि ते दूरवरच्या एखाद्या फलकावर ‘पीएम २.५’च्या रकान्यात जमा होतात.

चीनचं उत्सर्जन २००६ च्या सुमारास शिखरावर होतं. त्यांनी केंद्रांना धूर धुण्याची यंत्रणा, म्हणजे एफजीडी, सक्तीनं बसवली आणि आलेख घसरला. आपल्याकडे कोळशाची वीज वाढत गेली, एफजीडी कागदावर राहिली. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं धुराड्यांतून निघणाऱ्या या वायूवर मर्यादा घातल्या, मुदत दोन वर्षांची. ती वाढत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये सुमारे ७८ टक्के संचांना या मर्यादेतून सूटच मिळाली. कारणं दोन : कोळशात गंधक कमी, आणि हवेतलं प्रमाण मर्यादेत. म्हणजे तुमचाच हिरवा फलक! मला हे पटत नाही. वरचा ७० टनांचा हिशेब कमी गंधकाच्या कोळशाचाच आहे.

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या वीज केंद्रात समुद्राच्या पाण्यानं धूर धुणं १९८०च्या दशकातच सुरू झालं. डहाणूत चिकूच्या बागा वाचवायला लोक कोर्टात गेले, तिथल्या पर्यावरणासाठी नेमलेल्या न्या. धर्माधिकारींच्या प्राधिकरणानं पिच्छा पुरवला, आणि २००७ मध्ये तिथल्या केंद्राला एफजीडी बसली. विदर्भातल्या केंद्रांना समुद्र कुठला? तिथं चुनखडी वापरावी लागते, खर्चही दणकून येतो. त्यातून निघणारं जिप्सम मात्र सिमेंटवाले घेतात.